शेवटच्या अंकापर्यंत बसा : चाळीस आमदारांना एका प्रॉम्प्टरचे खुले पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
पर्वरी.

विषय : जत्रेतले नाटक अर्ध्यावर सोडून न जाण्याबाबत.

महोदय आणि महोदया,

विषय वाचून हसू आले असेल तर हसून घ्या. रस्ता, नळ, बदली, मुलाची नोकरी यांतले काही मागायला हा अर्ज केलेला नाही. मागणे एकच आहे आणि त्याला सरकारी तिजोरीतला एक पैसा लागत नाही. आमच्या जत्रेतल्या नाटकाला येता ना, मग ते संपेपर्यंत बसा.

माझी ओळख सांगतो. मी अंत्रुज महालातला, म्हणजे फोंडा तालुक्यातला. एकोणतीस वर्षे हायर सेकंडरीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवले आणि तेहतीस वर्षे गावच्या नाट्यमंडळात प्रॉम्प्टिंग केले. पहिल्या कामाची पेन्शन मिळते, दुसरे काम अजून सुटलेले नाही. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत स्टुलावर बसलेला, मांडीवर वही आणि मुठीत बॅटरी घेतलेला माणूस. बॅटरीच्या तोंडाला रुमाल बांधावा लागतो, नाहीतर उजेड स्टेजवर सांडतो आणि दिग्दर्शक शिव्या घालतो. माझ्या जागेवरून नट अर्धे पाठमोरे दिसतात. पहिली रांग मात्र लख्ख दिसते, नाकाडोळ्यांसकट. तिचा माझ्याएवढा अभ्यास अख्ख्या तालुक्यात कोणी केला नसेल.

या रांगेला इतिहास आहे. माझ्या आजोबांच्या वेळी तिथे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरून आणलेली हातांची लाकडी खुर्ची असायची, एकच. बाकी गाव चटईवर. मुक्तीनंतर १९६४ साली कुळ कायदा आला, १९७५ साली भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्यांसाठीचा मुंडकार कायदा आला, आणि ती खुर्ची मागे मागे सरकत एके वर्षी आलीच नाही. मग तिथे पंच-सरपंच बसू लागले. आता पांढरे कापड घातलेले सोफे असतात, पुढे टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि काजूची बशी. आणि तुम्ही असता, साधारण पाऊण तास.

त्या पाऊण तासाचीच गोष्ट सांगायची आहे.

खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या त्या वर्षीची जत्रा. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या खाणींची ८८ लिजे रद्द केली, मार्चमध्ये यंत्रे थांबली आणि हिवाळ्यात आम्ही ‘मृच्छकटिक’ केले. शूद्रकाचे मूळ नाटक दहा अंकांचे, देवलांनी ते संगीताच्या साजात मराठीत आणले. आम्ही कापून, छाटून, कुठे मुळातले परत घालून रात्रीत बसेल एवढे करतो. पालखी उशिरा आली. नारळ फुटून पडदा वर गेला तेव्हा साडेअकरा झाले होते. प्रमुख पाहुणे सव्वाबाराला आले. नाव सांगत नाही, तुमच्यातलेच एक. जुगाराचा प्रवेश रंगात आलेला, तो थांबवून पडदा पाडला. शाल, श्रीफळ, समई. मग भाषण. मराठी रंगभूमीला गोव्याने मंगेशीचे दीनानाथ दिले वगैरे. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकले आहे की मी ते प्रॉम्प्टसुद्धा करू शकेन. बावीस मिनिटांनी पडदा पुन्हा वर गेला. पाहुणे दहा मिनिटे बसले. मोबाईलचा निळा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडलेला मला दिसत होता. मग ते उठले. त्यांच्याबरोबर वीस-पंचवीस माणसे उठली, खुर्च्या करकरल्या, बाहेर गाड्या सुरू झाल्या, आणि स्टेजवर आमचा संवाहक देवाची मूर्ती बनून एका पायावर उभा होता.

कोण हा संवाहक, ते तुम्हाला कळायच्या आत तुम्ही निघून जाता म्हणून सांगतो. पाटलिपुत्राहून उज्जयिनीला आलेला मालिश करणारा माणूस. चारुदत्त नावाच्या उदार व्यापाऱ्याकडे त्याला काम मिळाले. चारुदत्त दानधर्म करता करता कफल्लक झाला, तशी याची नोकरी गेली. मग पोटासाठी जुगार. दहा सुवर्णमोहरा हरला आणि वसुली करणारे मागे लागले. पळताना तो उलट्या पावलांनी एका ओसाड देवळात शिरतो, म्हणजे पाऊलखुणा बघणाऱ्याला वाटावे की कोणीतरी बाहेर गेले. आत मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. मागचे दोघे तिथेच येतात, मूर्तीला हलवून बघतात, आणि मुद्दाम तिच्या पायाशीच डाव मांडतात. कवड्या खुळखुळल्या की याच्या अंगात वारे शिरते. मूळ प्राकृतात शूद्रकाने त्याच्या तोंडी उपमा घातली आहे: राज्य गेलेल्या राजाला जसा नगाऱ्याचा आवाज, तसा कंगाल जुगाऱ्याला फाशांचा. शेवटी मूर्ती राहवत नाही म्हणून बोलते आणि पकडली जाते.

पणजीत मांडवीकाठी संध्याकाळी उभे राहिले की कॅसिनोच्या बोटींचे दिवे पाण्यात उतरतात. त्यांच्याबद्दल सभागृहात तुम्ही जे बोलता ते मी पेपरात वाचतो. महसूल, पर्यटन, रोजगार. या प्रवेशाबद्दल तिथे कोणी बोलल्याचे वाचलेले नाही.

संवाहकाचे काम करणारा आमचा गडी खनिजाचा ट्रक चालवायचा. ट्रक कर्जाचा. त्या हिवाळ्यात तो ट्रक अंगणात झावळ्यांखाली उभा होता आणि हप्ता मात्र धावत होता. तालमीत तो ‘दहा मोहरा’ हे शब्द नुसते पाठ केल्यासारखे म्हणायचा. प्रयोगात म्हणाला तेव्हा मांडवात कोणी खोकलेसुद्धा नाही. माझ्या हातात वही होती, पण मी ओळ सोडून त्याच्याकडेच बघत राहिलो. ‘गुणक’ ही संकल्पना मी एकोणतीस वर्षे फळ्यावर लिहून शिकवली: एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचे उत्पन्न, दुसऱ्याचा खर्च तिसऱ्याचे, आणि पहिला आटला की साखळी उलटी फिरते. पोरे ते पाठ करून पाच मार्क घ्यायची. चारुदत्ताची पेढी बुडाली की संवाहक रस्त्यावर येतो. खाण बंद पडली की ट्रकवाला, मग गॅरेजवाला, मग कोपऱ्यावरचा चहा-भजीवाला. मी शिकवत होतो ते मला त्या रात्री दिसले. शिकवून झाल्यावर, हे कबूल करायला हवे.

गुणक मांडणाऱ्यांत ज्याचे नाव मोठे, त्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सला नाटकाचे हे महत्त्व कोणी सांगायला लागले नाही. त्याचा ‘जनरल थिअरी’ हा ग्रंथ ४ फेब्रुवारी १९३६ रोजी बाजारात आला. आदल्याच दिवशी, ३ फेब्रुवारीला, केंब्रिजमध्ये आर्ट्स थिएटरचा पडदा वर गेला होता. ते नाट्यगृह त्याने स्वतःच्या खटपटीने आणि बहुतांशी स्वतःच्या पैशाने उभारले. बायको रशियन बॅलेतली नर्तकी, लिडिया लोपोकोवा. जगभर मंदी आणि बेकारी, आणि हा गृहस्थ एका हाताने बेकारीचा ग्रंथ संपवतोय, दुसऱ्या हाताने रंगमंचाचे बांधकाम बघतोय. त्या ग्रंथातही व्याजाच्या जुन्या सिद्धांताचा गुंता किती खोल गेला आहे हे सांगताना त्याला इब्सेनच्या नाटकातले रानबदक आठवते, गोळी लागल्यावर तळाशी बुडी मारून शेवाळ घट्ट चावून धरणारे. ते वर काढायला फारच हुशार कुत्रा लागेल, म्हणतो. अर्थसंकल्पावरच्या भाषणात इतकी चांगली उपमा मी अजून ऐकलेली नाही.

त्याच्याही आधीचा ॲडम स्मिथ. त्याला बाजाराचा देव करून ठेवला आहे, पण ग्लासगोत प्राध्यापक होण्याआधी एडिंबरात तो व्याख्याने देत होता ती वक्तृत्व आणि साहित्य या विषयांवर. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६ चे. त्याच्या सतरा वर्षे आधी, १७५९ मध्ये, नैतिक भावनांवरचा ग्रंथ आला. त्यात सोफोक्लिसच्या नाटकातला जखमेने विव्हळणारा फिलोक्टेटिस आहे, रासिनची फेद्र आहे, व्होल्तेरची नाटके आहेत. रंगमंचावरच्या शारीरिक वेदनेने आपण तितके का हलत नाही आणि मनाच्या यातनेने का हलतो, याची तो पानेच्या पाने चिकित्सा करतो. आणि माणूस स्वतःच्या वागण्याचा न्याय कसा करतो, याचे त्याचे उत्तर काय? आत एक निःपक्षपाती प्रेक्षक बसवून. शब्द बघा त्याने कुठला उचलला. सगळी नीती त्याने प्रेक्षकाच्या खुर्चीवर आणून बसवली. ती खुर्ची तुम्ही पाऊण तासात रिकामी करता.

मार्क्सबद्दल थोडक्यातच सांगतो, नाहीतर पत्राला लाल रंग लावला जाईल. ‘कॅपिटल’मध्ये पैशाच्या प्रकरणात एका तळटीपेत शेक्सपिअरचा टायमन आणि सोफोक्लिसच्या ‘अँटिगनी’तला क्रेऑन शेजारी शेजारी बसले आहेत, दोघेही पैशाला शिव्या देत. मित्रांनी लुबाडलेला टायमन रानात कंदमुळांसाठी जमीन खणतो आणि त्याला सोने लागते; खायला काही हवे असताना सोने! हे पिवळे धातूचे ढेकूळ काळ्याला गोरा आणि भेकडाला शूर करते, असे तो म्हणतो. आमच्याकडे जमिनीतून निघते ते तांबडे लोहखनिज. रंग सोडला तर त्या भाषणातला एक शब्द बदलावा लागत नाही; सांगे, केपे, डिचोली, सत्तरीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ते वाचून दाखवा.

ही सगळी विलायती मंडळी झाली, असे कोणी म्हणेल. बरे, मग घरी या.

पणजीत कांपालला कला अकादमीपासून हाकेच्या अंतरावर एक उद्यान आहे. तुमच्या गाड्या रोज तिथून जातात. त्या उद्यानाला ज्याचे नाव आहे तो फ्रान्सिस्को लुईस गोम्स १८२९ साली नावेलीत जन्मला. पेशाने डॉक्टर, आणि तुमच्यासारखाच लोकप्रतिनिधी: गोव्यातर्फे लिस्बनच्या संसदेत. १८६६ मध्ये त्याने ‘उश ब्राह्मानिश’ ही पोर्तुगीज कादंबरी लिहिली, जातीचा माज आणि गोऱ्या कातडीचा माज एकाच तागडीत घालणारी. पुढच्याच वर्षी फ्रेंचमध्ये अर्थशास्त्रावरचा ग्रंथ, अर्थव्यवहाराचा नीतीशी आणि कायद्याशी काय संबंध हे तपासणारा. आधी कादंबरी आणि मग सिद्धांत, हा क्रम मला फार बोलका वाटतो. लामार्तीन या फ्रेंच कवीला त्याने पत्र लिहिले तेव्हा आपली ओळख कशी करून दिली? ज्या वंशाने महाभारत रचले आणि बुद्धिबळ शोधले, त्या वंशातला मी. सासष्टीतला ख्रिस्ती माणूस, विद्या सगळी पोर्तुगीज-फ्रेंच, आणि ओळख महाभारताची. १८६९ मध्ये गोव्याकडे परतताना बोटीवरच वारला, चाळिशीत. तुमच्या आधी दीडशे वर्षे गोव्याने असा एक आमदार पाठवला होता, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे.

दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो, तिथेही पहिल्या रांगेत तुम्हाला पाहिले आहे (आणि तिथूनही उठताना). १९०७ साली गोव्यात जन्म, पेशाने गणिती. भारताच्या इतिहासाला आर्थिक पाया देणारा हा माणूस वर्षानुवर्षे काय करत बसला होता? भर्तृहरीच्या श्लोकांची हस्तलिखिते ताडून बघत. १९४८ मध्ये त्यांनी शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली. कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ उघडून उर्वशी आणि पुरूरव्याच्या प्रेमकथेखाली त्यांनी जुन्या समाजाचे थर शोधले, एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञाने खाणीची भिंत वाचावी तसे. त्यांच्या वडिलांनी, थोरल्या कोसंबींनी, धर्मानंदांनी, तर ‘बोधिसत्त्व’ नावाचे नाटकच लिहिले. बौद्ध धर्माच्या पंडिताला सांगायचे ते प्रबंधात मावले नाही, असे मी समजतो. नाटक म्हणून ते फार चालण्यातले नाही, हेही प्रॉम्प्टर म्हणून सांगून ठेवतो.

आणखी एक नाव, कारण आपल्याकडे त्याला फोटोपुरते ठेवले आहे. डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर त्यांचा ग्रंथ आला. त्या नोकरीत असतानाच, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ निघाला. त्याच्या माथ्यावर कुठल्या अर्थशास्त्रज्ञाचे वचन नव्हते. तुकोबा होते: ‘काय करूं आतां धरूनियां भीड’. ज्या वाण्याने कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली असे सगळा महाराष्ट्र सांगतो, त्याचा अभंग एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या वर्तमानपत्राच्या कपाळी लावला. गांधीजींचे तर सगळ्यांना ठाऊक आहे. राजकोटला लहानपणी पाहिलेला ‘हरिश्चंद्र’ त्यांनी मनातल्या मनात किती वेळा केला याची त्यांनाच मोजदाद नव्हती.

नाटकाची किंमत राज्य करणाऱ्यांना कळत नाही असे मी म्हणणार नाही. इंग्रजांना फार चांगली कळायची. नीळमळ्यांच्या जुलमावर दीनबंधु मित्रांनी १८६० मध्ये ‘नीलदर्पण’ लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या रेव्हरंड लाँग यांना १८६१ मध्ये महिनाभर तुरुंगात बसवले आणि हजार रुपये दंड केला. १८७६ मध्ये नाटकांवर लगाम घालायला खास कायदा केला. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले, कीचकात लोकांना कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये बंदी. म्हणजे बघा, परका सरकारी अधिकारी मराठी पौराणिक नाटक शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत होता. दुभाषा घेऊन का होईना.

आता माझ्याच बाजूला टोचणारे सांगतो, नाहीतर तुमच्यापैकी कोणी सांगेल. नाटक बघून माणूस चांगला होतो असे काही नाही. स्टालिन मॉस्कोत एकच नाटक पुन्हा पुन्हा बघायला जायचा आणि बाहेर येऊन पुन्हा स्टालिनच असायचा. आमच्या मंडळातही ‘एकच प्याला’चा प्रयोग संपल्यावर तळीराम आणि सुधाकर एकाच मोटरसायकलीवरून बारमध्ये गेलेले मी पाहिले आहेत. पण उलट बाजूही गोव्याइतकी कोणाला ठाऊक नसेल. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार कोइंब्राच्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. हिशेब चोख, अंदाजपत्रक शिलकी. नुसत्या अर्थशास्त्राने काय राज्य होते, ते आमच्या वडिलांच्या पिढीने सेन्सॉरच्या शिक्क्यासकट अनुभवले.

मग नाटकाने होते काय? माझ्यापुरते उत्तर ‘मृच्छकटिका’तच आहे, आणि ते तुम्ही गेल्यानंतर येते.

संवाहक पकडला जातो, मार खातो, सुटून वसंतसेनेच्या घरात घुसतो. ती गणिका त्याला ओळखतही नाही. चारुदत्ताकडे काम केलेला माणूस एवढे कळल्यावर हातातले कडे काढून त्याच्या दहा मोहरा फेडते. हा शरमेने जुगार सोडतो, बौद्ध भिक्षू होतो आणि नाटकातून जवळजवळ नाहीसा होतो. कितीतरी प्रवेश त्याचे नावही नाही. दरम्यान राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेच्या मागे लागतो. हे पात्र आमच्याकडे हमखास टाळ्या घेते: पुराणे माहीत आहेत असा आव आणतो आणि रावणाने कुंती पळवली म्हणतो. मूर्ख आहे, पण नात्याने मेहुणा आहे. बागेत तो वसंतसेनेचा गळा दाबतो, मेली समजून पालापाचोळ्याखाली टाकतो आणि न्यायालयात जाऊन खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. न्यायाधीशाने आज वेळ नाही म्हटल्याबरोबर शकार त्याला सुनावतो, मेहुण्याला सांगून तुझी खुर्ची घालवीन. खटला ताबडतोब उभा राहतो. या प्रवेशाला मांडवात जे हसू येते ते वेगळे असते. ते ऐकायला तरी एकदा थांबा.

पाल्याखालून वसंतसेनेला कोण उठवते? तोच भिक्षू. ओला कपडा पिळून तिच्या तोंडावर पाणी घालतो आणि विचारतो, मला ओळखलेस का, दहा मोहरांना विकत घेतलेला मी. त्याने तिला वधस्तंभापाशी वेळेवर पोचवले म्हणून चारुदत्ताची मान वाचते. दुसऱ्या अंकातले एक फिटलेले कर्ज दहाव्या अंकात दोन जीव परत आणते. मध्ये सगळा अंधार. पाऊण तास बसणाऱ्याला त्यातले काय दिसले? एक जुगारी आणि एका बाईने वाया घालवलेले सोन्याचे कडे. अशी कडी वाया गेली म्हणून तुम्ही फायलींवर शेरे मारता ते मला आठवते. शाळेतली एक शिक्षकाची जागा, एका वाड्यावरची आरोग्य उपकेंद्राची नर्स. खर्च दिसतो, परतावा दिसत नाही, कारण अंक अजून सुरू असतो.

आणि शेवटी राज्यच उलटते. तेही रंगमंचावर दिसत नाही. शर्विलक धावत येऊन सांगतो की पालक राजा मारला गेला, गवळ्याचा पोर आर्यक गादीवर बसला. हा शर्विलक म्हणजे आधीच्या एका अंकात जानव्याने भिंतीचे माप घेऊन घर फोडणारा ब्राह्मण चोर. लोक शकाराला ओढत आणतात, ठार मारा म्हणतात. तो चारुदत्ताच्या पायावर पडतो. चारुदत्त म्हणतो, शस्त्राने नको, याला उपकाराने मारा. ‘उपकारहतस्तु कर्तव्यः’. शांतिनिकेतनात संस्कृत शिकलेले अमर्त्य सेन हे नाटक विसरलेले नाहीत. न्यायावरचा आपला मोठा ग्रंथही त्यांनी सुरू केला तो कुठल्या आकड्याने नव्हे, डिकन्सच्या कादंबरीतल्या पिप नावाच्या पोराच्या वाक्याने: लहान मुलांना अन्याय जितका बारीक कळतो तितके दुसरे काही कळत नाही.

त्या रात्री आमचा प्रयोग पावणेचारला संपला. पहिल्या रांगेतले पांढरे सोफे रिकामे होते. शेवटच्या अंकात मागची पोरे हळूच पुढे येऊन त्यांवर बसली, काजूची बशी त्यांनी संपवली आणि चारुदत्त सुटला तेव्हा एक जण सोफ्यावर उभा राहून शिट्टी वाजवत होता. मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला खाली उतरवले. मी असतो तर उतरवले नसते.

यंदाही आम्ही ‘मृच्छकटिक’च करतो आहोत. ट्रकवाला आमचा संवाहक पुन्हा उभा आहे. त्याचे गुडघे आता एका पायावर फार वेळ टिकत नाहीत, म्हणून मूर्ती दोन्ही पायांवर ठेवायची दिग्दर्शकाने परवानगी दिली आहे. मंडळाच्या बैठकीत मी तीन ठराव मांडले आणि भांडून मंजूर करून घेतले. एक, सत्कार नाटक सुरू होण्याआधी नाहीतर संपल्यावर. मध्ये पडदा पडणार नाही. दोन, भाषण नाही. तीन, पहिल्या रांगेत तुम्हाला सोफा नाही, सगळ्यांसारखी प्लॅस्टिकची खुर्ची. तिसऱ्यावर खूप वाद झाला. पाठ दुखत असेल तर उशी घेऊन या.

पालखी लवकर आली तर अकराला सुरुवात. जुगाराचा प्रवेश बाराच्या सुमारास, न्यायालय साधारण अडीचला. शेवटचा अंक तीनला. तीनच्या आधी मांडवामागे चहा मिळतो, कडक. शेव आणि पाव संपलेले असतात, तेव्हा घरून जेवून निघा. पीएला आणि सुरक्षेला गाडीत झोपू द्या.

आपला,
विंगेतला
एक निवृत्त शिक्षक, अंत्रुज महाल

ता. क. : दुसऱ्या अंकात माझी बॅटरी तुमच्या तोंडावर पडली तर राग मानू नका. कोण जागे आहे ते बघत असतो.